क्रॉसमॅग्लेन रेंजर्स : सीमेवरील एका ग्रामीण क्रीडासंघाचा इतिहास

उत्तर आयर्लंडमधील आर्मा परगण्याच्या दक्षिण टोकास क्रॉसमॅग्लेन नावाचे एक गाव आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे सोळाशे होती. आयर्लंड प्रजासत्ताकाची सीमा गावापासून अवघ्या दोन-तीन किलोमीटरांवर येते. या गावाच्या गेलिक फुटबॉल संघाने १९९७ ते २०१२ या काळात अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद सहा वेळा मिळविले. याच संघाच्या क्रीडांगणाचा एक भाग १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून १९९९ पर्यंत ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होता. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या गेल्या म्हणजे त्यांचा कार्यकारणसंबंध ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप जुळतो. लष्कराच्या छावणीशेजारी वाढलेली मुले जिद्दीस पेटली आणि त्या जिद्दीतून विजय उगवले, असे हे स्पष्टीकरण आहे. वृत्तपत्रांनी ते पुष्कळदा दिले आहे, आणि ते ऐकावयास बरे वाटते. ते कालक्रमाच्या कसोटीस कितपत उतरते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

विषयाकडे वळण्यापूर्वी ज्या संस्थेचा हा संघ घटक आहे तिची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरारी परगण्यातील थर्लस या गावी हेज यांच्या हॉटेलात झाली. मायकेल क्युसॅक हा शिक्षक आणि मॉरिस डेव्हिन हा नामांकित मैदानी खेळाडू हे तिचे प्रमुख प्रवर्तक होत. कॅशेलचे आर्चबिशप क्रोक, भूमिसुधार चळवळीचे नेते मायकेल डेव्हिट आणि पार्लमेंटातील आयरिश पक्षाचे पुढारी पार्नेल यांनी तिचे आश्रयदाते होण्यास मान्यता दिली. पार्नेल यांच्या 'होमरूल' चळवळीचा शब्द लोकमान्यांच्या १९१६ च्या लीगमुळे मराठी वाचकाच्या पूर्ण परिचयाचा आहे. त्या चळवळीच्या भरात ही क्रीडासंस्था जन्मास आली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. हर्लिंग हा आयर्लंडचा प्राचीन काठीचेंडूचा खेळ. गेलिक फुटबॉल मात्र, त्याची पूर्वपीठिका कितीही जुनी असली तरी, आजच्या रूपात बव्हंशी या संस्थेनेच नियमबद्ध केला. त्यात चेंडू हाताने धरता येतो, पायाने मारता येतो, मुठीने ढकलताही येतो. प्रत्येक बाजूस आज पंधरा खेळाडू असतात. प्रारंभी एकवीस असत, १८९२ मध्ये ते सतरा झाले आणि १९१३ मध्ये पंधरा.

गुण मोजण्याची पद्धती पुढील आकडे समजण्यासाठी सांगितली पाहिजे. गोलाचे दोन उंच खांब असतात आणि त्यांस आडवी दांडी जोडलेली असते. दांडीखालून चेंडू गेला तर 'गोल', वरून गेला तर 'पॉइंट'. अगदी आरंभी एक गोल कितीही पॉइंटांपेक्षा श्रेष्ठ मानीत. १८९२ मध्ये त्याची किंमत पाच पॉइंट ठरली आणि १८९६ पासून ती तीन आहे. २०२५ च्या हंगामापासून दूरवरून मारलेल्या पॉइंटास दोन गुण देण्याची नवी तरतूद आली आहे, पण आपला विषय त्यापूर्वीचा आहे. '२-१३' असे लिहिले म्हणजे दोन गोल व तेरा पॉइंट, एकूण एकोणीस गुण, असे समजावे.

या संस्थेचे मूळ एकक म्हणजे क्लब. मराठीत क्लब म्हटले की जिमखाना, वर्गणी आणि निवडक सभासद डोळ्यांपुढे येतात. आयर्लंडमधील ग्रामीण क्लब त्याहून आपल्याकडील गावच्या तालमीस अधिक जवळचा आहे. त्याची हद्द स्थूलमानाने कॅथलिक पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या क्षेत्राची असते. ज्या पॅरिशमध्ये मनुष्य जन्मला किंवा राहिला तिच्या संघातून तो खेळतो. सात-आठ वर्षांचा असताना दाखल होतो आणि गुडघे टिकतील तोवर तेथेच राहतो. खेळाडूस वेतन नाही. दुसऱ्या गावचा कुशल खेळाडू द्रव्य देऊन आणता येत नाही. क्लबच्या वर परगण्याचा संघ, त्यावर प्रांत आणि त्यावर अखिल आयर्लंड अशी उतरंड आहे. १८८७ च्या पहिल्या अखिल आयर्लंड स्पर्धेत परगण्यांच्या नावाने खेळले ते वस्तुतः त्या त्या परगण्यांचे विजेते क्लबच होते. फुटबॉलचे ते पहिले अजिंक्यपद लिमरिकच्या कमर्शिअल्स या क्लबाने जिंकले. पुढे परगण्यांचे निवडक संघ पुढे आले आणि क्लब राष्ट्रीय पटावरून मागे सरला. निव्वळ क्लबांसाठी अखिल आयर्लंड अजिंक्यपद सुरू झाले ते १९७०-७१ च्या हंगामात. ही तारीख पुढील विवेचनास महत्त्वाची आहे. त्यापूर्वी क्रॉसमॅग्लेनसारख्या संघास परगण्याबाहेर स्वतःचे नाव गाजविण्याची फारशी वाटच नव्हती.

क्रॉसमॅग्लेन रेंजर्सची स्थापना १८८७ मधील. त्या काळी आर्मा परगणा म्हणजे एका अखंड आयर्लंडचा भाग होता आणि क्रॉसमॅग्लेन हे गुरांच्या बाजाराचे, विस्तीर्ण चौक असलेले गाव. भोवतालची जमीन लहान लहान तुकड्यांची, दगडी बांधांची आणि फारशी सुपीक नसलेली. थोड्याच अंतरावर मोनॅहन परगण्यातील इनिस्कीन हे गाव आहे. तेथील कवी पॅट्रिक कॅव्हना हे तारुण्यात गावच्या गेलिक संघाचे गोलरक्षक होते, हे अनेकांस ठाऊक नसते. त्यांच्या काव्यातील खडकाळ टेकड्या आणि कष्टाळू शेतकरी ही याच पट्ट्याची ओळख आहे. या भागास पुढे जे राजकीय महत्त्व आले ते मुळीच त्याच्या इच्छेने आले नाही.

१९२० च्या कायद्यान्वये आयर्लंडची फाळणी झाली आणि मे १९२१ मध्ये उत्तर आयर्लंड हे निराळे घटकराज्य अस्तित्वात आले. आर्मा त्यात गेला. दक्षिण आर्माची वस्ती बहुसंख्येने कॅथलिक व राष्ट्रवादी होती, म्हणून सीमेची फेरतपासणी होईल तेव्हा आपण दक्षिणेत जाऊ अशी तेथील लोकांस आशा होती. ती निराधार नव्हती. दक्षिण आफ्रिकेतील न्यायाधीश रिचर्ड फीदम यांच्या अध्यक्षतेखाली सीमा आयोग नेमला गेला. दक्षिण आयर्लंडचे प्रतिनिधी म्हणून आयोगावर बसलेले ओन मॅकनील हे प्राचीन आयरिश इतिहासाचे प्राध्यापक होते. इतिहासाच्या अध्यापकाच्या हाती देशाची रेषा ओढण्याचे काम येणे हा विरळा योग, आणि तो त्यांस लाभला नाही. दक्षिण आर्माचा मोठा भाग, क्रॉसमॅग्लेनसह, दक्षिणेस द्यावा अशी आयोगाची शिफारस होती. नोव्हेंबर १९२५ मध्ये नकाशा वृत्तपत्रात फुटला, मॅकनील यांनी राजीनामा दिला, आणि ३ डिसेंबर १९२५ च्या कराराने सारा अहवाल बासनात बांधून सीमा होती तेथेच ठेवण्यात आली. कागदावर दक्षिणेस आलेले गाव प्रत्यक्षात उत्तरेतच राहिले.

राज्ययंत्रणेने ओढलेली ही रेषा क्रीडासंस्थेने मात्र मानली नाही. गेलिक असोसिएशनची अल्स्टर परिषद पूर्वीप्रमाणेच नऊ परगण्यांची राहिली. त्यांतील कॅव्हन, मोनॅहन व डोनेगल हे तीन परगणे नव्या सीमेच्या दक्षिणेस होते. क्रॉसमॅग्लेनचा संघ आर्मा अजिंक्यपद जिंकला तर त्याच्या पुढचा सामना कॅव्हनच्या किंवा मोनॅहनच्या संघाशी होऊ शके, आणि अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये. ज्या काळी जकातनाक्यावर थांबल्याशिवाय एक गाडी पलीकडे नेता येत नसे, त्या काळी स्पर्धेच्या तक्त्यात सीमेचे चिन्हही नव्हते. सीमेलगतच्या गावात क्लबास इतके महत्त्व का, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. शाळा, टपाल, न्यायालय, पोलीस हे सारे बेलफास्टचे. एक फुटबॉल तेवढा संपूर्ण आयर्लंडचा.

क्रीडांगण आणि सत्ता यांचा संघर्ष या संस्थेस नवा नव्हता. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कमध्ये सामना चालू असता सरकारी दलांनी गोळीबार केला आणि चौदा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत टिपरारीचा खेळाडू मायकेल होगन होता. संस्थेची बाजूही नेहमीच उदार होती असे नाही. तिच्या सत्ताविसाव्या नियमाने सभासदांस फुटबॉल (सॉकर), रग्बी, क्रिकेट, हॉकी हे 'परकी' खेळ खेळण्यास व पाहण्यासही बंदी होती. तिची परमावधी १९३८ मध्ये झाली. आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड, ज्यांनी आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचले, एका आंतरराष्ट्रीय सॉकर सामन्यास अधिकारपरत्वे उपस्थित राहिले म्हणून संस्थेने त्यांस आश्रयदातेपदावरून दूर केले. ही बंदी १९७१ मध्ये उठली. दुसरा नियम एकविसावा. त्यान्वये ब्रिटिश सैन्यातील व उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलातील व्यक्तींस सभासदत्व नाकारलेले होते. तो ज्या कारणाने दीर्घकाळ टिकला त्यात क्रॉसमॅग्लेनचा वाटा आहे, म्हणून त्याकडे पुढे परत यावे लागेल.

१९६९ मध्ये उत्तर आयर्लंडात दंगली उसळल्या, ब्रिटिश सैन्य रस्त्यांवर आले आणि लवकरच आयरिश रिपब्लिकन आर्मीशी त्याचे युद्ध सुरू झाले. दक्षिण आर्मा हा त्या युद्धाचा सर्वांत कठीण प्रदेश ठरला. आय.आर.ए.ची येथील तुकडी अत्यंत कसलेली होती. सीमा हाकेच्या अंतरावर असल्याने हल्ला करून पलीकडे निघून जाणे सोपे होते. क्रॉसमॅग्लेनच्या चौकातही सैनिक मारले गेले. रस्त्यांखाली सुरुंग पेरले जात, त्यामुळे सैन्यास रस्त्याने रसद नेणे अशक्य झाले आणि या भागातील ठाणी हवाई मार्गाने चालवावी लागली. जवळच्या बेसब्रुक येथील जुन्या कापडगिरणीतील तळावर हेलिकॉप्टरांची इतकी वर्दळ असे की युरोपातील सर्वांत गजबजलेला हेलिकॉप्टर तळ म्हणून त्याचे नाव झाले होते. ब्रिटिश मंत्री मर्लिन रीस यांनी याच दशकात या प्रदेशास 'दरोडेखोरांचा मुलूख' म्हटले. ते विशेषण चिकटून राहिले आणि तेथील रहिवाशांस ते कधीच रुचले नाही.

क्रीडांगणावरील कब्ज्याचे कारण या हवाई दळणवळणातच आहे. क्रॉसमॅग्लेनचे पोलीस ठाणे व त्यास जोडून झालेली लष्करी छावणी ही क्लबाच्या मैदानास अगदी लागून होती. हेलिकॉप्टर उतरविण्यास मोकळी सपाट जागा हवी. गावात ती एकच होती. मैदानास सेंट ऑलिव्हर प्लंकेट यांचे नाव आहे. आर्माचे हे आर्चबिशप १६८१ मध्ये लंडनजवळ टायबर्न येथे राजद्रोहाच्या आरोपावरून फाशी गेले आणि १९७५ मध्ये, म्हणजे मैदानाचा एक भाग सैन्याकडे असतानाच, रोमने त्यांस संतपद दिले. सैन्याने प्रथम मैदान वापरण्यास आरंभ केला आणि पुढे त्याचा भाग रीतसर अधिग्रहित केला. खेळ बंद पडला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. सामने होत राहिले, मात्र छावणीच्या भिंतीच्या सावलीत आणि टेहळणी मनोऱ्याच्या दृष्टीखाली. डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालीत असता खेळ थांबवावा लागे; भिंतीपलीकडे गेलेला चेंडू परत येईल याची शाश्वती नसे. क्लबाने न्यायालयात व राजकीय पातळीवर, डब्लिनच्या शासनामार्फतही, हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला.

या बाबतीत दोन्ही बाजू समजून घेणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे. ठाण्यातील सैनिकांच्या दृष्टीने ते मैदान म्हणजे जिवंत राहण्याचे साधन होते. तेथून जखमी बाहेर नेता येत. क्लबाच्या दृष्टीने ती गावाने स्वतःच्या वर्गणीतून राखलेली मालमत्ता होती आणि तिचा गावाच्या बाहेरील भांडणाशी संबंध नव्हता. अर्थात गावातील सगळेच त्या भांडणापासून अलिप्त होते असे कोणी म्हणणार नाही. पण क्लब आणि सशस्त्र चळवळ या दोन गोष्टी एकच नव्हत्या, आणि सुरक्षादलांनी त्यांस एकच समजण्याची चूक वारंवार केली. क्रीडेची पिशवी खांद्यावर घेऊन सीमेच्या नाक्यावरून जाणाऱ्या तरुणास अडवून ताटकळत ठेवणे हा नित्याचा प्रकार होता. २१ फेब्रुवारी १९८८ रोजी टायरोन परगण्यातील ऑनाक्लॉय येथील नाक्यावर एडन मॅकॅनेस्पी हा तरुण गेलिक सामन्यास जात असता सैनिकाच्या गोळीने ठार झाला. त्या सैनिकास सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले गेले ते नोव्हेंबर २०२२ मध्ये, चौतीस वर्षांनंतर. क्रॉसमॅग्लेनमधील मैदानाचा प्रश्न एकाकी नव्हता, हे यावरून दिसेल.

आता एकविसाव्या नियमाकडे. ब्रिटिश दलांतील व्यक्तींस बंदी घालणारा हा नियम रद्द करावा अशी मागणी १९९० च्या दशकात जोर धरू लागली. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर संस्थेने त्यासाठी खास अधिवेशन बोलाविले, पण निर्णय पुढे ढकलला. नियमाच्या समर्थकांच्या हाती क्रॉसमॅग्लेन हे सर्वांत प्रभावी उदाहरण होते. ज्या सैन्याने आमच्या मैदानावर ठाण मांडले आहे त्याच्या लोकांस सभासद कसे करावयाचे, या प्रश्नास दक्षिणेतील प्रतिनिधींजवळ सहज उत्तर नसे. १९९९ मध्ये मैदानाचा भाग क्लबास परत मिळाला आणि त्या युक्तिवादाचा कणा मोडला. नवे पोलीस दल ४ नोव्हेंबर २००१ रोजी स्थापन झाले आणि त्याच महिन्यात एकविसावा नियम रद्द झाला. तरीही उत्तरेतील सहा परगण्यांपैकी पाचांनी रद्द करण्यास विरोध केला होता. आर्मा त्यांत होता, आणि केवळ डाऊन परगणा अनुकूल राहिला. मतदानाचा हा नकाशा पाहिला म्हणजे ज्यांनी सैन्य पाहिले आणि ज्यांनी त्याविषयी ऐकले त्यांच्यातील अंतर स्पष्ट होते.

इतक्या प्रस्तावनेनंतर विजयांकडे येऊ. क्रॉसमॅग्लेन हा आर्मा परगण्यात जुना व मानाचा संघ होता. विसाव्या शतकात त्याने परगण्याचे अजिंक्यपद अनेकदा मिळविले. परंतु अल्स्टर प्रांताचे क्लब अजिंक्यपद त्याने १९९६ पूर्वी एकदाही जिंकले नव्हते. १९९६ मध्ये जो हंगाम सुरू झाला त्यानंतर सर्वच बदलले. १७ मार्च १९९७, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, क्रोक पार्कमध्ये मेयो परगण्याच्या नॉकमोर संघाचा त्यांनी २-१३ विरुद्ध ०-११ असा पराभव केला. १९९९ मध्ये मेयोच्याच बॅलिना स्टीफनाइट्सवर ०-९ विरुद्ध ०-८ असा एका पॉइंटाचा विजय झाला. पुढच्याच वर्षी डब्लिनच्या ना फिअना संघास १-१४ विरुद्ध ०-१२ असे हरवून तिसरे अजिंक्यपद आले. २००७ मध्ये केरीच्या डॉ. क्रोक्स संघाशी बरोबरी झाली व पुनःसामन्यात विजय मिळाला. २००९ च्या अंतिम सामन्यात मात्र डब्लिनच्या किलमकड क्रोक्सने त्यांस १-९ विरुद्ध ०-७ असे नमविले. २०११ मध्ये रॉसकॉमनच्या सेंट ब्रिजिड्सवर २-११ विरुद्ध १-१२ आणि २०१२ मध्ये वेस्टमीथच्या गॅरीकॅसलवर, पुन्हा बरोबरीनंतर, २-१९ विरुद्ध १-७ असे विजय मिळून सहा अजिंक्यपदे पूर्ण झाली. त्याहून अधिक त्या वेळी केवळ कॉर्कच्या नेमो रेंजर्सपाशी होती. अल्स्टरची अजिंक्यपदे १९९६ ते २०१५ या काळात अकरा. परगण्यात १९९६ ते २००८ अशी सलग तेरा वर्षे त्यांस कोणी हरवू शकले नाही; २००९ मध्ये आर्मा शहराच्या पिअर्स ओग या संघाने ती साखळी तोडली, आणि २०१० पासून पुन्हा सहा वर्षे क्रॉसमॅग्लेनच. वीस वर्षांत एकोणीस अजिंक्यपदे, असा हा हिशेब आहे.

हा हिशेबच प्रचलित स्पष्टीकरणास अडचणीत आणतो. मैदानावरील कब्जा सुमारे अठ्ठावीस वर्षांचा. त्यातील पहिली पंचवीस वर्षे, म्हणजे युद्ध सर्वांत तीव्र असतानाची सारी वर्षे, संघाच्या प्रांतीय यशाविना गेली. विरोध आणि अपमान यांतूनच संघ घडत असता तर तो १९७० च्या दशकात घडावयास हवा होता. त्याच दशकात याच परगण्यातील दुसऱ्या एका संघाने मोठे यश मिळविले होते : लर्गन गावच्या क्लॅन ना गेलने १९७२, १९७३ व १९७४ अशी सलग तीन वर्षे अल्स्टर जिंकून १९७४ मध्ये अखिल आयर्लंडचा अंतिम सामना गाठला. लर्गनही त्या काळी हिंसेने पोळलेले गाव होते, पण क्लॅन ना गेलचा प्रभाव पुढे ओसरला. आपत्ती सर्वांवर सारखीच होती. यशाचे काळ मात्र निराळे.

मग शांतता हे कारण म्हणावे काय? हेही नीट जुळत नाही. आय.आर.ए.ने ३१ ऑगस्ट १९९४ रोजी शस्त्रसंधी जाहीर केली खरी, पण फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनमधील स्फोटाने ती मोडली आणि जुलै १९९७ पर्यंत ती पूर्ववत झाली नाही. क्रॉसमॅग्लेनचे पहिले अल्स्टर आणि पहिले अखिल आयर्लंड अजिंक्यपद ही दोन्ही नेमकी या मधल्या अवधीत आली. नॉकमोरवरील विजयापूर्वी पाच आठवड्यांच्या आत, १२ फेब्रुवारी १९९७ रोजी, बेसब्रुकच्या नाक्यावर एक ब्रिटिश सैनिक गोळी लागून मरण पावला. शस्त्रसंधी पुन्हा होण्यापूर्वी उत्तर आयर्लंडात मारला गेलेला तो शेवटचा सैनिक होय. ज्या संघास सैन्याने प्रेरित केले असे म्हणतात तो सैन्य असतानाही हरत होता, आणि ज्यास शांततेने मोकळे केले असे म्हणावे तो शांततेची वाट न पाहता जिंकला.

आमच्या मते खरे कारण क्लबाच्या घटनेतच शोधले पाहिजे. पॅरिशच्या नियमाचा एक परिणाम असा की संघाचे बळ त्या गावात कोणत्या दशकात कोणती मुले जन्मली यावर अवलंबून राहते. खेळाडू विकत घेता येत नसल्याने उणीव भरून काढता येत नाही. पण एकदा चांगली पिढी जमली की ती लहानपणापासून पस्तिशीपर्यंत एकत्र खेळते, आणि तिला कोणी पळवून नेऊ शकत नाही. १९९० च्या दशकात क्रॉसमॅग्लेनजवळ अशी पिढी होती. ओशीन मॅकॉनव्हिलसारखा गोल नोंदविणारा, जॉन व टोनी मॅकेंटी हे जुळे भाऊ, बचावात फ्रॅन्सी बेल्यू, गोलात पॉल हार्टी हे सारे एका गावचे. त्या पिढीस मार्गदर्शन करण्यास जो कर्नन होते. आर्माने १९७७ मध्ये डब्लिनविरुद्ध अखिल आयर्लंडचा अंतिम सामना ५-१२ विरुद्ध ३-६ असा गमावला, त्यात दोन गोल करणारे ते हेच कर्नन. पहिली तीन अजिंक्यपदे त्यांच्या मार्गदर्शनाखाली आली. २०११ व २०१२ ची दोन अजिंक्यपदे संघाने मिळविली तेव्हा प्रशिक्षकांत टोनी मॅकेंटी होते, जे स्वतः कर्नन यांचे खेळाडू. आणि मैदानावर खेळणाऱ्यांत कर्नन यांचा पुत्र एरन. एका पिढीने दुसरीस शिकविले आणि तिने तिसरीस. या साखळीस वेतन लागले नाही, परंतु गाव सोडून न जाणारी माणसे लागली.

याचा अर्थ मैदानावरील कब्ज्याचा संघाच्या इतिहासाशी संबंधच नाही असे मुळीच नव्हे. गावकऱ्यांस क्लब ही आपली स्वतःची, दुसऱ्याने हिरावलेली आणि म्हणून जपण्याची वस्तू वाटू लागली, ती या प्रकरणाने. इतर ठिकाणी क्लबाच्या समितीवर काम करावयास माणसे शोधावी लागतात. येथे त्यांची वाण पडली नसावी असे मानण्यास जागा आहे. कर्नन यांच्या पिढीने आपली उमेदीची वर्षे मुलांना शिकविण्यात घालविली त्यामागे ही भावना असणे संभवते. तिचे फळ वीस-पंचवीस वर्षांनी आले. म्हणजे प्रचलित कथा सर्वस्वी खोटी नाही, पण ती एक दुवा गाळते, आणि गाळलेला दुवा हाच क्लब होय.

क्लबाच्या यशाचा परगण्यावर झालेला परिणाम मात्र निर्विवाद आहे. आर्माने १९५३ व १९७७ असे दोन अंतिम सामने गमावले होते आणि परगण्यास अखिल आयर्लंड अजिंक्यपद कधीच मिळाले नव्हते. २००२ च्या हंगामासाठी त्यांनी कर्नन यांस बोलाविले. संघाचा कर्णधार होता किअरन मॅगीनी. तो मूळचा दक्षिण आर्माचाच, पण २००० मध्ये डब्लिनच्या ना फिअनाकडून क्रॉसमॅग्लेनविरुद्ध अंतिम सामना खेळून हरलेला. दोन वर्षांनी ज्यांनी त्यास हरविले त्यांच्याबरोबर तो क्रोक पार्कमध्ये उतरला. समोर केरी, ज्या परगण्याइतकी अजिंक्यपदे कोणाजवळच नाहीत. मध्यंतरापूर्वी मॅकॉनव्हिलची पेनल्टी हुकली आणि आर्मा चार पॉइंटांनी मागे पडला. मध्यंतरात कर्नन यांनी १९७७ च्या पराभूत संघास मिळालेले आपले स्मृतिचिन्ह खेळाडूंपुढे भिंतीवर फेकले, ही हकीकत आता आयर्लंडात दंतकथेइतकी प्रसिद्ध आहे. उत्तरार्धात गोल केला तो मॅकॉनव्हिलनेच. १-१२ विरुद्ध ०-१४, एका पॉइंटाने आर्मा जिंकला.

बेसब्रुक आणि क्रॉसमॅग्लेन येथून सैन्य निघून गेले, टेकड्यांवरील मनोरे पाडले गेले आणि ३१ जुलै २००७ रोजी उत्तर आयर्लंडमधील लष्करी मोहीम अधिकृतपणे समाप्त झाली. त्यानंतरही क्रॉसमॅग्लेनने दोन वेळा आयर्लंड जिंकले, आणि तेव्हा भिंतीपलीकडे कोणी नव्हते. २०१५ नंतर हे वर्चस्व ओसरले. २०१६ मध्ये परगण्याचे अजिंक्यपद मॅगेरीने, २०१७ मध्ये आर्मा हार्प्सने नेले. २०१८ व २०१९ मध्ये ते पुन्हा क्रॉसमॅग्लेनकडे आले, पण पूर्वीची सलगता राहिली नाही. १९७० च्या दशकात जन्मलेली ती पिढी तोवर मैदानाबाहेर गेली होती. जुलै २०२४ मध्ये आर्माने गॅलवेवर १-११ विरुद्ध ०-१३ असा एका पॉइंटाने विजय मिळवून दुसरे अखिल आयर्लंड अजिंक्यपद घेतले. प्रशिक्षक होता मॅगीनी, आणि आघाडीच्या फळीत क्रॉसमॅग्लेनचा रिअन ओनील.